एक तंबू, चाकांचा

चिंचोली, ता. औसा
सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

अक्का,
तुझ्या पायावर धाकट्या साखराचं डोकं.

अक्का, मी पणजी झाले! म्हंजे तू बी झालीस. शिवमला काल भाऊबिजेच्या दिवशी मुलगी झाली, लातूरच्या दवाखान्यात. बाळ-बाळंतीण झ्याक हायेत. पोरीचं नाक आपल्या आईसारखं, फेंदारलेलं. नातसून म्हणली, "आजी, नाकाला नावं ठिवू नका." मी म्हणलं, नावं न्हाई ठिवून राहिले बाई, ओळखून राहिले.

फोन का केला न्हाई म्हणशील, तर माझ्या कानाचं तुला ठाऊक हाय. समोर कुणी वरडून बोललं तर समजतं, पर फोनमधे नुसता भुंगा गुणगुणतो. साक्षरतेच्या वर्गात बाईनं अक्षरं शिकिवली ती कधी कामाला यायची? म्हणून मोठ्या अक्षरात लिहून राहिले. अयोध्याला म्हणावं, काना-मात्रा चुकला तर हसत बसू नको, सासूला नीट वाचून दाखीव.

आता मुद्द्याचं. बारसं सव्वा महिना झाल्यावर, बावीस डिसेंबरला, रविवारी. तू आल्याबिगर पोरीला पाळण्यात घालू देणार न्हाई. सहा वर्सं झाली अक्का तू आली न्हाईस. शिवमच्या लग्नाला आली न्हाईस. आपला तात्या गेला, सख्खा भाऊ, तवा बी आली न्हाईस. लोकं इचारतात, मी काय सांगू? मला ठाऊक हाय कशाचा राग हाय ते. आमच्या वास्तूला मी इहीणबाईला इरकल नेसवलं आन तुला साधं हिरवं लुगडं. ती माझी चूक. तवा इहीण नवी होती आन तू घरची. घरच्या माणसाला कोण भारी नेसवतं, आसं मनात आलं. माझं चुकलं. आता तरी राग सोड.

माझं वय पंच्याहत्तर, तुझं अठ्ठ्याहत्तर. किती बारशी राहिलीत आपली?

तुझीच,
साखरा

*

धर्माबाद
१३ नोव्हेंबर २०२४

साखरे,

तुझं पत्र आलं. अयोध्यानं दोनदा वाचून दाखवलं. मी सांगते आन ती लिहिते.

पोरीला माझा लई लई आशीर्वाद. राग कसला घिऊन बसलीस? ते हिरवं लुगडं मी झिजेपर्यंत नेसले आन आता त्याची गोधडी हाय, तीच पांघरून बसले. तुझं डोकं तवा बी हिशेब लावायचं आन चुकायचं.

माझं येणं होत न्हाई. म्हैस व्यायला झालीय. गुडघे दुखतात. थंडी बी हाय. अमरेशला हळदीच्या कामातून सुट्टी न्हाई, मला आणून कोण सोडंल? तुम्ही मोजून दहा माणसं बोलवा आन बारसं उरकून घ्या. माझी वाट बघू नका.

तुझी अक्का

*(पाकिटात वेगळी चिठ्ठी)*

साखरामावशी,

हे मी माझ्या मनानं लिहिते आहे. सासूबाईंना यातलं एक अक्षर सांगू नका. माझ्या नवऱ्यालासुद्धा त्यांनी कळू दिलेलं नाही, धुणं माझ्या हातात असतं म्हणून मला ठाऊक आहे.

त्यांना राग नाही. त्यांना लघवी थांबत नाही. अर्धा तास झाला की जावंच लागतं आणि पोचायला उशीर झाला की पोचत नाहीत. सहा वर्षांपूर्वी नांदेडला एका लग्नात पंगतीत बसल्या होत्या. उठायला गेल्या तर पाटाखाली ओलं. दोन-तीन जण हसले. तिथून घरी आल्या आणि तेव्हापासून गल्लीच्या पलीकडे गेलेल्या नाहीत. गाडीत बसायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून पाणी पीत नाहीत. डॉक्टरांकडे चला म्हटलं की दार लावून घेतात. तात्यामामा गेले तेव्हा पिशवी भरून दारात उभ्या होत्या. रिक्षा आली आणि त्या आत निघून गेल्या. दिवसभर रडल्या.

म्हैस दोन महिन्यांपूर्वीच व्यायली.

तुमची
अयोध्या

*

चिंचोली
१९ नोव्हेंबर २०२४

अक्का,

म्हशीचं समजलं. व्याली की खरवसाचं मला लिहू नको, माझ्या तोंडाला पाणी सुटंल.

तर ऐक, एक गंमत हाय. शिवम ज्या शेडमधे गाड्यांच्या बॉड्या बांधतो ना, लातूरला, महादेवप्पांच्या, तिथं त्यानं यंदा एक घरगाडी बांधली. यष्टीएवढी लांब! आत पलंग, चूल, आरसा, फ्रीज. खिडकीला पडदे. मी आत बसून चहा पिले आन खिडकीतून भायेर बघून राहिले तर वाटलं घरच चाललंय रस्त्यानं. लोकं कुटुंब घिऊन फिरायला भाड्यानं नेतात म्हणं. बारशाच्या आठवड्यात ती रिकामी हाय आन शिवमला लांबच्या रस्त्याला चालवून बघायचीय, कुठं खडखडते का ते. मी म्हणलं, मग धर्माबादलाच जा की, रिकामी कशाला हिंडवतोस? येताना अक्काला घिऊन ये. शनिवारी निघायचं, निवांत यायचं. अमरेशला म्हणावं, दोन दिवस हळद कुठं पळून जात न्हाई. तुला पलंगावर आडवं पडून यायला मिळंल. गुडघ्याचं काम न्हाई.

ह्या गाडीत न्हाणीघर बी हाय. आन बाकीचं बी सगळं. दार लावून घेता येतं, आतून कडी हाय. मी स्वतः लावून बघितली.

साखरा

*(अयोध्यासाठी, वाचून चुलीत टाक)*

पोरी, तुझी चिठ्ठी वाचली आन पाटावर बसून राहिले. मी सहा वर्सं लुगड्याचा राग समजून बसले होते. अक्कावर रुसून दोन दिवाळ्या फराळ बी धाडला न्हाई. मला माझी लाज वाटून राहिली.

शिवमला मी एवढंच म्हणलं, "आजीच्या बहिणीचे गुडघे गेलेत, तिला सगळं गाडीतच पाहिजे." पोरगा माझ्याकडं बघत राहिला आन म्हणला, "बरं." पुढं कायी इचारलं न्हाई. हुशार हाय.

आता खरी काळजी तुला सांगते. अक्का इथं येऊन उतरल कुठं? आमच्या घरी परसाकडं चार पायऱ्या उतरून जावं लागतं आन बारशाच्या दिवशी तिथं चाळीस बाया रांगेत. म्हंजे अक्काला गाडीतच ऱ्हायला पाहिजे. आन गाडी माझ्या गल्लीत येतच न्हाई. लाईटीच्या तारा खाली लोंबतात. शिवम म्हणतो गाडी छत्तीस फूट लांब, बारा फूट उंच. तिला सपाट जागा लागती, न्हाई तर न्हाणीतलं पाणी उलटं येतं. जवळ पाण्याचा नळ लागतो. लाईट लागती. आन खालची टाकी रिकामी करायला कुठंतरी संडासाच्या टाकीचं झाकण लागतं. एवढं सगळं एका जागी कुठं घावायचं? मी हिंडून बघते. तू मला एवढं कळीव: अक्काला किती उंच पायरी चढवती, ते. शिवमला फळी लावायची हाय.

*

धर्माबाद
२७ नोव्हेंबर २०२४

साखरे,

एवढी मोठी गाडी कशाला? मी काय मंत्री हाय? गल्लीतली लोकं इचारतील, नागाबाईला न्यायला हे काय आलंय. मी न्हाई म्हणले म्हंजे न्हाई.

त्या गाडीत कडी आतून हाय म्हणालीस. ती पडती का आपोआप, गाडी हलली म्हंजे?

चालत्या गाडीत माणूस उठून जाऊ शकतं का, का गाडी थांबवावी लागती? थांबवावी लागत आसंल तर मला नको. नुसतं इचारते. मी येत न्हाईच.

तुझी अक्का

*(चिठ्ठी)*

मावशी, त्यांनी "नुसतं इचारते" तीन वेळा मला खोडून परत लिहायला लावलं. काल मी भांडी घासत होते तर ओट्याच्या पायरीवर चढ-उतार करून बघत होत्या. एक वीत नि चार बोटं एवढी पायरी चढवते, त्यापेक्षा जास्त नाही. काळजी वाटते. आशा लागली आणि काही बिनसलं, तर त्या परत कधी दार उघडायच्या नाहीत. जागा पक्की झाल्याशिवाय मी त्यांना आग्रह करत नाही.

*

चिंचोली
३ डिसेंबर २०२४

अक्का,

कडी जाड हाय, पडत न्हाई. शिवमनं गाडी खड्ड्यातून नेऊन बघितली. आन चालत्या गाडीत उठून जाता येतं, भिंतीला धरायला दांडा हाय. मी स्वतः औशापासून लामजन्यापर्यंत तशी जाऊन आले. मला लागलं नव्हतं तरी गेले, बघायला म्हणून.

आता जागेचं ऐक. ह्या दोन हप्त्यात मी जेवढी हिंडले तेवढी लग्न झाल्यापासून हिंडले न्हाई. शिवम मागं मोटारसायकलवर बसवून नेतो आन मी त्याच्या कानात बडबडते. आधी शाळेचं पटांगण बघितलं. गुरुजी चांगले, पर तिथं संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात, काचा ऱ्हातील का? मग औशाचा मार्केट यार्ड. जागा एवढी की दहा गाड्या मावतील, पर तिथं सोयाबीनची पोती आन टेम्पोचे भोंगे, तान्हं लेकरू झोपंल कसं? किल्ल्याजवळ गेलो तर राखणदार म्हणला, "इथं गाडी उभी करायची परवानगी न्हाई, आजी." मी म्हणलं, किल्ला न्हाई नेत, नुसतं शेजारी उभं ऱ्हातो. तो हसला पर न्हाईच म्हणला. लातूरला एक बाग सुरेख हाय, झाडं, कारंजं, पर फाटकात लोखंडी नळ्या नागमोडी बसिवल्यात मोटारसायकली जाऊ नयेत म्हणून. माणूस पोट आत घिऊन जातो तिथं. गाडी कुठली!

मी तर हातपाय गाळले होते. तवा शिवमच्या शेडमधल्या एका मिस्त्रीनं सांगितलं, लातूर रस्त्याला तळ्याच्या काठी नवं वनउद्यान झालंय, तिथं लोकं तंबू लावून ऱ्हातात. गेलो. अक्का, काय जागा! कडुलिंब, करंज, तळ्यात बगळे. तंबूसाठी सहा जागा आखल्यात, दगडाला चुना लावून नंबर टाकलेत. राखणदार गुरुपादप्पा, आपल्यापेक्षा थोडा लहान, मिशा मोठ्या. मी म्हणलं मोजायचंय. त्याच्याकडं टेप न्हाई. मी पिशवीतून धुतलेलं लुगडं काढलं आन म्हणलं, धर तिकडून. नऊ वार आन वर तीन वार, म्हंजे छत्तीस फूट. पयल्या तीन जागांत कुठंच बसंना. एक नंबर आखूड, दोन नंबरला मधे झाड. चार नंबरला लुगडं अंथरलं आन बरोबर बसलं! मग परात पाण्यानं भरून मधे ठिवली. पाणी एका काठाला गेलं न्हाई. सपाट! नळ दहा पावलांवर. संडासामागं टाकीचं झाकण. गुरुपादप्पा म्हणला, "बाई, लोकं इथं हिरवळ बघाया येतात, तुम्ही झाकण बघून हरखून राहिल्या."

आन मी ठरिवलं, बारसंच बागेत घ्यायचं. पाळणा करंजाला टांगायचा. म्हंजे कुणी इचारायचंच न्हाई की गाडी इथं का उभी हाय.

एकच अडून राहिलंय. वनखात्याच्या साहेबाकडं द्यायचा अर्ज. त्यात छापलंय, "तंबूंची संख्या." गाडीचा रकानाच न्हाई. कारकून म्हणला, आजपर्यंत कुणी गाडी आणली न्हाई, साहेबाला इचारून सांगतो. मी शिवमला म्हणलं, लिही: एक तंबू, चाकांचा. त्यानं लिहिलं. आता बघू.

साखरा

*(अयोध्यासाठी)* पायरीला फळी बसली, एक वीतच ठिवली. साहेबाचा कागद आजून आला न्हाई. अक्काला "बघू" वाचू नको, "झालं" वाच.

*

धर्माबाद
१० डिसेंबर २०२४

साखरे,

येते.

पर माझं ऐक. मला कुणी बघायला येऊ नये. गाडीत कुणाला चढू देऊ नको. मी कोपऱ्यात बसंन, पोरीला मांडीवर घेईन, तिच्या नाकाला हात लावीन आन परत जाईन. मला पंगतीत बसवू नको. का ते इचारू नको.

शिवमला म्हणावं, खड्डे चुकव.

तुझी अक्का

*(चिठ्ठी)*

मावशी, मी "झालं" वाचलं. आता खरंच झालं का ते लवकर कळवा, मला झोप लागत नाही. काल त्यांनी स्वतः ट्रंक उघडली. सहा वर्षांत पहिल्यांदा. सोबत हे येतील. मी दुभत्या म्हशीसाठी इथेच राहते.

*

चिंचोली
१६ डिसेंबर २०२४

अयोध्या, हे फक्त तुला. अक्काला वाचू नको. पत्र आलं न्हाई म्हण, काय बी म्हण.

आधी चांगलं. साहेबाचा कागद आला. शिक्क्याचा. चार नंबरची जागा, चार दिवस. लिहिलंय, "एक तंबू (चाकांचा), विशेष बाब." मी तो कागद देव्हाऱ्यात ठिवला.

आता वाईट. माझ्या तोंडानं घात केला. मी आनंदात सगळ्यांना सांगत सुटले, माझी अक्का येऊन राहिली, मोठ्या गाडीतून. गिरणीत सांगितलं, किराणा दुकानात सांगितलं. लोकांनी काय समजलं? एवढी मोठी गाडी, आत पलंग, वनखात्याची परवानगी, म्हंजे बाई कुणीतरी मोठी हाय. कुणी म्हणलं धर्माबादच्या बाजारसमितीवर हाय. कुणी म्हणलं आमदाराची सासू. मी न्हाई न्हाई म्हणले तर म्हणतात, "साखराबाई साध्या हायेत, सांगत न्हाईत."

काल सरपंच दगडोबा घरी आला. टोपी काढून बसला. "काकू, एवढ्या मोठ्या बाई आपल्या भागात येतात, सत्कार तर झाला पायजे." शाल, नारळ, हार, स्टेज. बायांच्या बचत गटाचं गाणं. तीन भाषणं, त्यातलं एक दगडोबाचं. दगडोबा बोलायला उभा राहिला तर गावात पिकं वाळतात. अक्काला स्टेजवर खुर्चीत दोन तास बसवणार! समोर दोनशे माणसं!

मी म्हणलं, नको रे बाबा, तिला आवडत न्हाई. तो म्हणला, "मोठी माणसं आसंच म्हणतात." मी म्हणलं, ती कुणी न्हाई, माझी बहीण हाय, घरी म्हशी हायेत. तो हसून म्हणला, "काकू, म्हशी मोठ्यांच्या घरी बी आसतात." आता त्याला कसं सांगू? खरं सांगितलं तर सगळ्या तालुक्यात होतंय. न्हाई सांगितलं तर स्टेजवर होतंय. बॅनर छापून आलाय, माझ्या जुन्या फोटूतून अक्काचं तोंड कापून लावलंय, पस्तिशीतलं.

जेवण जाईना. तू सांग काय करू. तिला नको म्हणून कळवावं का? लिहायला बसले आन कागद फाडला.

साखरामावशी

*

धर्माबाद
२१ डिसेंबर २०२४, शनिवार सकाळ

मावशी,

तुमचं पत्र काल संध्याकाळी पोचलं. हे मी शिवमच्याच हातात देते, पोस्टानं पोचायचं नाही.

मी त्यांना काही सांगितलं नाही. गाडी दारात उभी आहे. सासूबाई पहाटेपासून अंघोळ करून बसल्या आहेत. दोन वेळा आत जाऊन कडी लावून बघितली. मग बाहेर येऊन मला म्हणाल्या, "अयोध्ये, मला पाणी दे. तांब्याभर." मावशी, गाडीत बसायच्या आधी त्यांनी पाणी मागितलं! मी कशी सांगू स्टेजचं?

सत्काराचं तुम्हीच बघा. दगडोबांच्या पाया पडा, नाहीतर माइकची वायर काढा. माझ्या सासूचं एवढ्या लोकांत हसं होऊ देऊ नका.

निघाल्या.

अयोध्या

*

वनउद्यान, जागा नंबर चार
मंगळवार, २४ डिसेंबर २०२४

अयोध्या,

आधी सांगते, अक्का खुशाल हाय. समोर करंजाखाली खुर्चीत बसून पोरीला मांडीवर घिऊन उन्हं देऊन राहिली. आता सगळं पयल्यापासून सांगते, मधे घाई करू नको.

शनिवारी संध्याकाळी गाडी आली. फाटकावर दगडोबानं कमान उभी केलेली, बांबूची, झेंडूची. गाडी बारा फूट, कमान दहा! झाली का पंचाईत. आत अक्का, भायेर हलगी वाजतीय, पोरं नाचतायत, आन गाडी कमानीसमोर अडलेली. एक तास गेला बांबू सोडण्यात. मी गाडीभवती नुसती येड्यासारखी फिरून राहिले, आता काय होतंय अक्काचं. खिडकीवर टकटक केलं. अक्कानं पडदा सारला. चहा पिऊन राहिली होती! मला म्हणली, "काय गं, एवढी घामेजलीस? तुला कुठं जायचंय का? ये आत." अयोध्या, त्या एका तासात तिथं उभ्या असलेल्या सगळ्या बायांत एकटी तीच निवांत होती.

रविवारी सकाळी बारसं झालं. पोरीचं नाव माउली ठिवलं. अक्कानं तिच्या नाकाला हात लावला आन आपल्या आईचं नाव घिऊन रडली, मी बी रडले, लेकरू मात्र झोपलेलं. इथपर्यंत सगळं चांगलं.

मग दगडोबा आला, अक्काच्या पाया पडला आन हाताला धरून स्टेजवर घिऊन गेला. मी त्याला बाजूला घेऊन म्हणलं होतं, पाच मिनटात आवर, तिचे गुडघे दुखतात. तो म्हणला, "पाचच." अक्कानं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी मरेपर्यंत इसरणार न्हाई. "साखरे, हे काय केलंस?" आसं.

शाल झाली, नारळ झाला. गाणं झालं. मग दगडोबा उभा राहिला. त्यानं पार निजाम काळापासून सुरवात केली. मी समोर बसून अक्काच्या पायाकडं बघून राहिले. ती पाय घट्ट जवळ घ्यायली. मग परत घट्ट. मी मनात मोजून राहिले, गाडीतून उतरून किती झाले, पंचवीस मिनटं, तीस मिनटं. दगडोबा आजून स्वातंत्र्यापर्यंत बी आला नव्हता. मला वाटलं आता आपणच चक्कर येऊन पडावं, म्हंजे लोकं इकडं धावतील. मी डोळे मिटले बी. पडणार तेवढ्यात शेजारच्या बाईनं कोपरानं ढोसलं. डोळे उघडले तर अक्का उठलेली.

शाल काढून खुर्चीवर ठिवली. नारळ त्याच्यावर ठिवला. आन स्टेजच्या पायऱ्या उतरून चालायला लागली, गाडीकडं. दोनशे माणसं बघतायत. दगडोबाचं बोलणं थांबलं. तो माइक हातात घिऊनच मागं पळाला, वायर वढत. "आई, आमचं काही चुकलं का? मानपानात काही ऱ्हायलं का?" सगळं माइकवर!

अक्का थांबली. मागं वळली. त्याच्याकडं बघितलं. मला वाटलं आता ही रडती. पर ती एकदम आपल्या आईसारखी कमरेवर हात ठिवून म्हणली, आन तेबी माइकवरच गेलं:

"न्हाई रे लेकरा, तुझं कायी चुकलं न्हाई. मला लघवीला लागलंय. मला थांबवत न्हाई. सहा वर्सं झाली थांबवत न्हाई. तू बोल, मी येते."

आन गेली. फळीवर पाय ठिवला, आत गेली, कडी लावली. कडीचा आवाज माझ्या कानाला बी आला.

पोरांनी हसायला तोंड उघडलं आसंल, पर गिरणीवाली कुसुम, माझ्याच वयाची, लई कडक बाई, उभी राहिली आन पोरांकडं नुसतं बघितलं. तोंडं मिटली. मग ती दगडोबाला म्हणली, "भाऊ, तुमचं भाषण चालू द्या. आम्ही दोघी-चौघी जरा उठतो." आन खरंच सहा म्हाताऱ्या उठल्या. कवाच्या बसल्या होत्या बिचाऱ्या! गाडीपाशी जाऊन रांगेत उभ्या. अक्कानं दार उघडलं तर समोर रांग. मला वाटलं आता चिडंल, तिनं बजावलं होतं ना कुणाला चढू देऊ नको म्हणून. तर अक्का म्हणली, "पायरी लहान हाय, सावकाश या. कडी डावीकडं सरकवायची."

दगडोबानं भाषण आवरलं. स्वातंत्र्य राहूनच गेलं.

संध्याकाळी एकेक बाई काहीतरी घिऊन आली. एक ताक, एक शेंगाची चटणी, एक नुसतीच. सगळ्या अक्काजवळ बसून हळू बोलून राहिल्या. मला ऐकू येत न्हाई, पर मला कळत होतं. एकीची सून आशाताई हाय, ती म्हणली नांदेडला बायांच्या डॉक्टर हायेत, ह्याला विलाज हाय, लई जणींना बरं झालंय. अक्कानं "बघू" म्हणलं.

दुसऱ्या दिवशी मी अक्काला म्हणलं, मला ठाऊक होतं गं, अयोध्यानं कळिवलं होतं, तिच्यावर रागवू नको. अक्का पोरीच्या अंगाला तेल लावून राहिली होती. वर न बघता म्हणली, "साखरे, मला वाचता येत न्हाई, पर कागद मोजता येतात. मी एक पत्र सांगायची आन पाकिटात दोन जायचे."

साखरामावशी

*

धर्माबाद
१७ जानेवारी २०२५

साखरे,

अयोध्या लिहिते, पर ह्या वेळी एकच कागद. मी समोर बसलेय.

परवा नांदेडला बायांच्या डॉक्टरकडं गेले. तपासलं, गोळ्या दिल्या, एक व्यायाम सांगितला, महिन्यानं परत बोलावलंय. डॉक्टरीण म्हणली एवढी वर्सं का थांबलात. मी म्हणलं थांबले न्हाई बाई, लपले.

तुला सांगायचं ते दुसरंच हाय. शिवमची गाडी भाड्यानं गेलेली, म्हणून आम्ही यष्टीनं गेलो. अयोध्या खिडकीशी, मी तिच्या शेजारी. उमरीच्या पुढं मला लागलं. अयोध्याचा हात धरला. ती म्हणली, "आई, आता नांदेडच." पंचवीस कोस नव्हतं, पर मला ते पंचवीस कोसच.

मग मी उठले. दांड्याला धरून पुढं गेले. सगळी गाडी बघून राहिली. ड्रायव्हरला म्हणले, "दादा, गाडी थांबव. मला लघवीला जायचंय." तो म्हणला, "आजी, मधे स्टॉप न्हाई." मी म्हणले, "स्टॉप न्हाई तर कर. मी खाली उतरते, तू इथंच थांब, मी परत येते."

त्यानं कंडक्टरीणबाईकडं बघितलं. त्या पोरीनं काय केलं आसंल? बेलची दोरी वढली. गाडी बाभळीच्या झुडपांपाशी उभी राहिली. मी उतरले. मागं अयोध्या उतरली. मग अजून एक बाई, लेकरू कडेवर. मग कॉलेजच्या दोन पोरी. मग एक म्हातारी काठी टेकत. मी झुडपामागून परत आले तर गाडीत बायाच न्हाईत, सगळ्या खाली. आणि सगळ्यांच्या मागून ती कंडक्टरीण, तिकिटाची मशीन छातीशी धरून पळत येत होती. माझ्याजवळून जाताना म्हणली, "सकाळपासून थांबले होते, आजी."

पुरुष मंडळी आतच बसून होती. ड्रायव्हरनं गाडी बंद केली आन खाली उतरून आमच्याकडं पाठ करून उभा राहिला, रस्ता राखत.

माउलीला पाय फुटले की कळीव. मी यष्टीनं येईन.

तुझी अक्का